फ्रेंच कुटुंबात राहणारा भाषा-सहायक : घर, कागद आणि रोजचा दिवस कसा लावावा

फ्रान्समधील सरकारी शाळांत इंग्रजीचे भाषा-सहायक म्हणून जाणारी आपली मुले-मुली बहुधा वर्गाची तयारी उत्तम करून जातात आणि राहण्याच्या बाबतीत मात्र सगळे तिथे गेल्यावर पाहू, या भरवशावर निघतात. काम आठवड्याला १२ तासांचे असते आणि बहुतेकांची नेमणूक १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल अशी सात महिन्यांची असते. म्हणजे जागेपणीचा बहुतेक वेळ वर्गाबाहेर, यजमान कुटुंबाच्या घरात आणि त्या गावात जातो. मुलांच्या तक्रारी ऐकताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते की माणसे वाईट नसतात, क्रम चुकलेला असतो. जे निघण्यापूर्वी लेखी ठरायला हवे ते डिसेंबरमध्ये रुसव्याफुगव्यांतून ठरते आणि जो कागद पहिल्या आठवड्यात हवा तो पगार अडकल्यावर शोधला जातो. म्हणून पुढील टप्पे शक्यतो त्याच क्रमाने पार पाडावेत.

टप्पा १ : निघण्यापूर्वी यजमानांशी लेखी बोलणी

शाळेतील समन्वयक शिक्षक बहुतेक वेळा राहण्याची सोय सुचवतात. एखाद्या सहकाऱ्याच्या घरातील मोकळी खोली, शाळेतील विद्यार्थ्याचे कुटुंब किंवा मुले मोठी होऊन घराबाहेर पडलेले जोडपे, अशी ती सोय असते. ती मिळाल्याच्या आनंदात आपण "कसेही चालेल" असे उत्तर पाठवतो. ते पाठवू नये. फ्रेंच घरांत आधी स्पष्ट विचारणे उद्धटपणाचे मानले जात नाही. उलट नंतर कुरकुर करणे त्यांना खटकते. ई-मेल करून पुढील गोष्टींची उत्तरे घ्यावीत आणि तो ई-मेल जपून ठेवावा.

१. खोली मोफत आहे की भाड्याने? भाड्याने असल्यास रक्कम किती आणि त्यात वीज, पाणी, घर गरम ठेवण्याचा खर्च व इंटरनेट धरले आहे का?
२. कोणती जेवणे घरी आहेत? केवळ नाश्ता, की रात्रीचे जेवणही? शनिवार-रविवारचे काय?
३. स्वयंपाकघर, धुलाईयंत्र आणि फ्रिजमधील एक कप्पा वापरता येईल का?
४. शाळेपर्यंत कसे जायचे? बस असल्यास तिचा थांबा घरापासून किती अंतरावर आहे?
५. बदल्यात कुटुंबाची काही अपेक्षा आहे का?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून नेमका तोच टाळला जातो. खोली मोफत असेल तर मुलांशी इंग्रजीत बोलावे, त्यांना शाळेतून आणावे, बुधवारी दुपारी सांभाळावे, अशा अपेक्षा न बोलता गृहीत धरल्या जातात. आठवड्यातून दोनदा अर्धा तास इंग्रजीत गप्पा मारणे ही घरोब्याची गोष्ट आहे. रोज संध्याकाळी तीन मुले सांभाळणे हे काम आहे. घरात राहून मुले सांभाळणाऱ्या तरुणांसाठी, ज्यांना तिथे 'ओ पेर' म्हणतात, फ्रान्समध्ये वेगळा व्हिसा आणि वेगळा करार असतो. भाषा-सहायकाचा व्हिसा त्या कामासाठी नसतो. शाळेव्यतिरिक्त पगारी काम करायचे झाल्यास नेमणूक करणाऱ्या शिक्षण-कार्यालयाची पूर्वपरवानगीही लागते. म्हणून दिवस, वेळ आणि तासांची मर्यादा आकड्यांत ठरवून घ्यावी.

> सावधान : भाडे घ्यायचे, पण कागदावर खोली मोफत दाखवायची, असे कोणी सुचवल्यास नम्रपणे नकार द्यावा. मोफत निवासाचा दाखला घेतला की घरभाड्याच्या सरकारी मदतीचा मार्ग बंद होतो आणि वाद झालाच तर भाडेकरू म्हणून आपल्या हातात एकही कागद राहत नाही.

टप्पा २ : भारतातच पुरी करायची कागदपत्रे

व्हिसासाठीची कागदपत्रे सगळेच गोळा करतात. त्यांची यादी मिळतेच. चुकतो तो जन्मदाखला. फ्रान्समधील आरोग्यविम्याचा कायमचा क्रमांक मिळवण्यासाठी तो लागतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या दाखल्यांत बाळाचे नावच नोंदलेले नसते, काहींत आईचे माहेरचे नाव असते, तर काही केवळ मराठीत असतात. म्हणून नेमणूकपत्र येण्याची वाट न पाहता, महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतून आई-वडिलांच्या व स्वतःच्या पूर्ण नावांचा नवा दाखला काढावा, त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, करून घ्यावे आणि अधिकृत, शपथबद्ध अनुवादकाकडून त्याचा फ्रेंच अनुवाद करून घ्यावा. या कामाला आठवडे लागतात. फ्रान्समध्ये बसून हे घरच्यांकरवी करून घेणे फार मनस्तापाचे होते.

नावाच्या बाबतीतही काळजी घ्यावी. आपण स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव असे तीन भाग लिहितो, पण पासपोर्टमध्ये ते दोन रकान्यांत विभागलेले असतात. फ्रेंच कार्यालये पासपोर्टप्रमाणेच जातात. व्हिसा, नेमणूकपत्र, बँक खाते, भाडेकरार या सगळ्यांवर अक्षरशः तेच नाव त्याच क्रमाने येईल असे पाहावे. एका कागदावर वडिलांचे नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो.

सामानाबाबत तीन सूचना पुरेशा आहेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे आणि बर्फी नेता येत नाहीत. बहुतेक ताजी फळे आणि ताजा कढीपत्ता यांनाही वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. यजमानांसाठी खाऊ न्यायचाच असेल तर शेंगदाण्याची किंवा तिळाची चिक्की, काजू, चांगला चहा असे पदार्थ न्यावेत. दुसरे असे की अनेक फ्रेंच घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि तिच्यावर आपला ॲल्युमिनियमचा साधा कुकर तापत नाही. नेण्यापूर्वी यजमानांना शेगडीचा प्रकार विचारावा. तिसरे, व्होल्टेज भारतासारखेच असले तरी आपला तीन जाड पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, त्यासाठी ॲडॅप्टर घ्यावा.

> तपासा : नेमणूकपत्र, म्हणजे 'आरेते द नोमिनासियों', मूळ स्वरूपात जवळ आहे का? अपोस्टिल केलेला दाखला आणि त्याचा अनुवाद हातसामानात आहे का? पहिले दोन महिने पगाराशिवाय काढता येतील एवढे पैसे बाजूला ठेवले आहेत का?

टप्पा ३ : पहिल्या पंधरवड्यातील कागदांची साखळी

या टप्प्यात क्रमाला पर्याय नाही. पत्त्याच्या पुराव्याशिवाय बँक खाते उघडत नाही, खात्याच्या तपशिलाशिवाय पगार निघत नाही आणि त्याच तपशिलाशिवाय आरोग्यविम्याचा परतावाही जमा होत नाही. एक कडी निसटली की पुढचे सगळे थांबते.

*पहिली कडी : पत्त्याचा पुरावा.* खोली भाड्याने असेल तर सही केलेला भाडेकरार आणि पहिल्या महिन्याची भाडेपावती घ्यावी. खोली खरोखर मोफत असेल तर यजमानांकडून तीन कागद एकत्र मागावेत : आपण त्यांच्याकडे अमुक तारखेपासून राहतो असे सांगणारे सही केलेले पत्र, म्हणजे 'आतेस्तासियों देबेर्जमाँ', त्यांच्या ओळखपत्राची प्रत, आणि त्यांच्या नावाचे तीन महिन्यांच्या आतले वीज, गॅस किंवा पाण्याचे बिल. पत्र आहे पण बिल नाही, म्हणून बँकेतून परत यावे लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. हे तिन्ही कागद पहिल्या रात्री नव्हे, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जरूर मागावेत.

*दुसरी कडी : टपालपेटीवर नाव.* इतकी छोटी गोष्ट, पण हिच्यामुळे होणारा घोळ मोठा असतो. फ्रान्समध्ये पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवू शकतो. बँकेचे कार्ड एका पाकिटात आणि त्याचा गुप्त क्रमांक दुसऱ्या पाकिटात, वेगवेगळ्या दिवशी टपालाने येतो. विम्याची पत्रेही तशीच येतात. यजमानांना विचारून त्यांच्या आडनावाखाली आपले आडनाव चिकटवावे आणि कुठेही पत्ता देताना आपल्या नावाखालच्या ओळीत 'शे', म्हणजे 'यांच्या घरी', असे लिहून यजमानांचे आडनाव घालावे.

*तिसरी कडी : बँक खाते.* बँकेत आधी वेळ घेऊन जावे. तसेच आत गेलात तर पुढच्या आठवड्याची तारीख मिळते. पासपोर्ट, नेमणूकपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्यावा. खाते उघडल्यावर ज्या एका पानावर खात्याचा संपूर्ण तपशील असतो, त्याला 'रीब' म्हणतात. त्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवाव्यात, कारण शाळेपासून मोबाइल कंपनीपर्यंत प्रत्येक जण तो मागतो.

*चौथी कडी : शाळेत रुजू झाल्याची नोंद.* कामाच्या पहिल्याच दिवशी शाळेच्या कार्यालयात रुजू झाल्याच्या पत्रावर सही करायची असते. या कागदाशिवाय शिक्षण-कार्यालयाच्या लेखी आपण आलेलोच नसतो. पगाराची कामे महिन्याच्या सुरुवातीलाच बंद होतात, त्यामुळे रीब आणि हे पत्र उशिरा पोहोचले तर ऑक्टोबरचा पगार नोव्हेंबरच्या शेवटी मिळतो. तसे होणार असे दिसल्यास आगाऊ रकमेसाठी विनंती करता येते. ती कार्यालयातील सचिवांमार्फत लेखी करावी.

*पाचवी कडी : व्हिसाची नोंदणी.* दीर्घ मुदतीचा व्हिसा हा निवास-परवाना म्हणून चालायचा असेल तर फ्रान्समध्ये पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची ऑनलाइन नोंदणी करावी लागते. मुदत तीन महिन्यांची आहे म्हणून नाताळपर्यंत थांबू नये. नोंदणी राहून गेली आणि सुट्टीत दुसऱ्या देशात गेलात तर परतताना अडचण येऊ शकते.

*सहावी कडी : आरोग्यविमा आणि भाड्याची मदत.* आरोग्यविम्याचा अर्ज जन्मदाखल्यासह करावा. आधी तात्पुरता क्रमांक मिळतो आणि 'कार्त व्हिताल' हे हिरवे कार्ड हाती येईपर्यंत काही महिने जाऊ शकतात. तोपर्यंत डॉक्टर जो तपकिरी रंगाचा कागद देतात तो जपून ठेवावा, कारण त्यावरच परतावा मिळतो. जवळचा एक डॉक्टर आपला नेहमीचा डॉक्टर म्हणून नोंदवावा. तसे केल्यास साध्या तपासणीचा ७० टक्के परतावा मिळतो, न केल्यास तो ३० टक्क्यांवर येतो. भाड्याने राहणाऱ्यांनी 'काफ' या संस्थेकडे घरभाड्याच्या मदतीचा अर्ज लगेच करावा, कारण मागील महिन्यांची मदत सहसा मिळत नाही. खोली किमान ९ चौरस मीटरची असावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

> तपासा : ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भाडेकरार किंवा निवासाचा दाखला, पेटीवर नाव, रीब आणि रुजू झाल्याचे पत्र या चार गोष्टी झालेल्या असाव्यात. उरलेली कामे त्यांच्या आधाराने पुढे सरकतात.

टप्पा ४ : घराचे नियम पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या

आपल्याकडे पाहुण्याला नियम सांगणे अवघड वाटते आणि पाहुणाही ते विचारत नाही. तिथे आपण पाहुणे नसतो आणि घरचे मूलही नसतो. सात महिने राहणारी एक प्रौढ व्यक्ती, हीच आपली जागा आहे आणि तिला साजेसे प्रश्न विचारायला संकोच नसावा. पहिल्या रविवारी, दुपारच्या जेवणानंतर सगळे निवांत असताना वही घेऊन बसावे आणि घर दाखवायची विनंती करावी.

पाण्यापासून सुरुवात करावी. अनेक घरांत गरम पाणी एका टाकीत रात्री, स्वस्त विजेच्या वेळात तापते आणि दिवसभर तेवढेच पुरवायचे असते. आपण पंधरा मिनिटे शॉवरखाली उभे राहिलो तर शेवटी जाणाऱ्याला थंड पाण्याने अंघोळ करावी लागते. म्हणून आपली वेळ सकाळची की रात्रीची ते विचारावे आणि पाच-सहा मिनिटांत बाहेर यावे. बाथरूमच्या फरशीला शॉवरच्या जागेबाहेर निचरा नसतो. बादली-तांब्याने अंघोळ केली किंवा पडदा बाहेर राहिला तर पाणी लाकडी फरशीखाली मुरते आणि नुकसान खरोखरच मोठे होते. संडास बहुतेक घरांत वेगळ्या छोट्या खोलीत असतो व तिथे नळ नसतो. पाण्याची बाटली वापरणार असाल तर ती आपल्या खोलीतून न्यावी आणि फरशी कोरडी करून बाहेर यावे.

मग थंडी. घर साधारण १९ अंशांपर्यंत तापवण्याची सरकारी शिफारस आहे आणि बहुतेक कुटुंबे ती पाळतात. मुंबई-पुण्याच्या माणसाला १९ अंशांत बसून राहणे गार वाटते. रेडिएटर वाढवण्याऐवजी घरात लोकरीचे कपडे आणि जाड मोजे घालावेत. रेडिएटर चालू ठेवून खिडकी उघडी टाकणे आणि ओले कपडे बंद खोलीत वाळत घालणे, या दोन गोष्टी यजमानांना सर्वाधिक खटकतात. दुसरीने भिंतीवर बुरशी धरते. कपडे कोठे वाळवायचे, धुलाईयंत्र कोणत्या दिवशी मोकळे असते, आपले कपडे वेगळे लावायचे की घरच्यांबरोबर, हे विचारून घ्यावे.

बाकीच्या गोष्टी पटकन होतात : किल्ली कोणाकडे, रात्री खिडक्यांच्या बाहेरच्या झडपा कोण लावतो, पादत्राणे दाराशी काढायची का, कचऱ्याचे वेगवेगळे डबे कोणते आणि कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचे. मित्र-मैत्रिणींना घरी बोलावता येईल का, हाही प्रश्न आधीच विचारावा.

संबोधनाविषयी एवढेच सांगावेसे वाटते की प्रौढांशी 'व्हू'ने, म्हणजे 'तुम्ही'ने, सुरुवात करावी आणि त्यांनी स्वतःहून 'त्यू', म्हणजे 'तू', म्हणायला सांगितले की लगेच तसे म्हणायला लागावे. आग्रह करूनही आपण आदरार्थीच बोलत राहिलो तर त्यांना तो दुरावा वाटतो. मात्र सकाळी खोलीतून बाहेर आल्यावर प्रत्येकाला 'बोंजूर' आणि झोपायला जाताना 'बॉन न्वी' म्हटल्याशिवाय राहू नये. आपल्या घरांत कोणी उठल्याउठल्या आईला नमस्कार घालत नाही, त्यामुळे ही सवय मुद्दाम लावावी लागते. न बोलता फ्रिजकडे गेलेला माणूस त्यांना रागावलेला वाटतो.

> सावधान : घरच्यांशी फोनवर बोलण्याची वेळ नीट ठरवा. भारत उन्हाळ्यात साडेतीन आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास पुढे असतो. फ्रान्समध्ये दुपारी एक वाजता बोललात तर हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. पहाटे किंवा रात्री दहानंतर स्पीकर लावून बोलणे टाळावे. लाकडी घरांत शब्दन् शब्द ऐकू जातो.

टप्पा ५ : जेवणाचे टेबल आणि स्वयंपाकघर

शाकाहाराविषयी "मी शाकाहारी आहे" एवढे सांगणे अपुरे पडते. मासे चालत असतील, सूप चालेल, भाजीत दोन-चार मांसाचे तुकडे असले तर ते बाजूला काढता येतील, असे प्रामाणिकपणे समजणारे लोक भेटतात. म्हणून चालत नाही त्याची यादीच द्यावी : मांस, मासे, 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे छोटे तुकडे, मांसाचा अर्क घातलेले सूप, जिलेटिन घातलेली मिठाई. आणि लगेच त्याखाली चालते त्याची यादी द्यावी : अंडी चालत असतील तर अंडी, चीज, मसूर, चणे, पास्ता, बटाटा, सर्व भाज्या. दुसरी यादी अधिक उपयोगी असते, कारण रांधणाऱ्याला काय करावे हे कळते. उपवास असेल तर आदल्या दिवशी सांगावे. तिथे माणसे मोजून रांधतात आणि ऐनवेळी "आज मी खात नाही" म्हणणे अपमानास्पद वाटते. बाहेर जेवणार असाल तर तेही त्याच दिवशी सकाळपर्यंत कळवावे.

टेबलावरच्या रीती थोड्या आहेत, पण रोजच्या आहेत. सगळे बसेपर्यंत आणि यजमानांनी सुरुवात करेपर्यंत थांबावे. हात मांडीवर न ठेवता मनगटे टेबलाच्या कडेवर ठेवावीत. पाव ताटलीत न ठेवता तिच्या शेजारी टेबलावर ठेवतात आणि चावण्याऐवजी हाताने तोडून खातात. त्रिकोणी चीजचे टोक कापून घेऊ नये, कडेने लांबट काप घ्यावा, म्हणजे मधला मऊ भाग सर्वांना मिळतो. पहिल्यांदा कमी वाढून घ्यावे, कारण ताटात टाकणे वाईट दिसते आणि आवडले तर पुन्हा घेतल्याने रांधणारी व्यक्ती खूश होते. आणखी हवे असताना नुसते 'मेर्सी' (आभार) म्हटले तर तो नकार समजून भांडे पुढे जाऊ शकते, म्हणून स्पष्ट 'वी' (हो) म्हणावे. वाइन नको असल्यास नकार द्यायला काहीच हरकत नाही, कारण सांगण्याचीही गरज नसते. जेवणानंतर ताटल्या उचलायला न सांगता उठावे.

रात्रीचे जेवण साडेसात-आठला असते आणि तासभर चालते. थकलेल्या दिवशी खोलीत जाऊन पडावेसे वाटते, पण घरातील खरे बोलणे याच तासात होते. मुलांची शाळा, गावातील बातम्या, पुढच्या आठवड्याचे बेत सगळे टेबलावरच कळते. माझ्या मते फ्रेंच सुधारण्यासाठी या तासाइतके मोलाचे दुसरे काही नाही.

आता आपला स्वयंपाक. पहिल्यांदा करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, दिवस ठरवावा आणि सुरुवात फोडणीशिवाय होणाऱ्या पदार्थाने करावी. कोशिंबीर किंवा बिनफोडणीचा दहीभात उत्तम, भातावर फोडणी घालायची वेळ नंतर येतेच. सुरुवातीला फोडणी टाळण्याचे कारण साधे आहे. फ्रान्समध्ये ८ मार्च २०१५ पासून प्रत्येक घरात धुराची सूचना देणारे यंत्र बसवणे बंधनकारक आहे आणि ते बहुतेक वेळा स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात असते. म्हणून फोडणी करताना हा क्रम पाळावा : प्रथम स्वयंपाकघराचे दार बंद करावे, मग शेगडीवरचा पंखा पूर्ण वेगाने लावावा, खिडकी उघडावी आणि त्यानंतरच तेल तापत ठेवावे. इंडक्शनवर तेल गॅसपेक्षा फार लवकर तापते, त्यामुळे मध्यम आचेवर ठेवून एकच मोहरी टाकून पाहावी. ती तडतडली की आच कमी करून बाकीची मोहरी घालावी आणि वर झाकण धरावे. हिंग आणि मिरची अगदी शेवटी, शेगडी बंद केल्यावर घालावी. तेलाच्या उष्णतेवरच ती पुरेशी फुलते आणि ठसका घरभर जात नाही.

हिंगाची डबी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावी, नाहीतर कपाटातील पिठाला आणि बिस्किटांनाही वास लागतो. हळदीचे डाग पांढऱ्या ओट्यावर, लाकडी चमच्यावर आणि प्लॅस्टिकच्या डब्यांवर कायमचे पडतात, म्हणून एक लाकडी चमचा आणि एक डबा आपला वेगळा ठेवावा आणि ओटा लगेच पुसावा. कुकर लावणार असाल तर शिट्टी होईल हे घरात आधी सांगावे. तिथल्या अनेकांनी ती कधी ऐकलेली नसते.

टप्पा ६ : शाळेचे वेळापत्रक घरात सांगा

बारा तास तीन-चार दिवसांत विखुरलेले असतात आणि दोन तासांच्या मध्ये मोठी मोकळीक असते. वेळापत्रक अंतिम होताच त्याची प्रत फ्रिजवर लावावी. यामुळे कोणत्या दिवशी आपण दुपारी घरी असतो हे कळते आणि आपण दिवसभर रिकामेच आहोत असा समजही होत नाही. वर्गाच्या तयारीचे तासही त्यावर लिहावेत.

बुधवारची दुपार वेगळी असते. त्या वेळी बहुतेक मुले घरी असतात आणि टप्पा १ मधील बोलणी झाली नसतील तर सांभाळण्याची जबाबदारी आपोआप आपल्याकडे येते. मुलांशी इंग्रजी बोलायचे ठरले असल्यास त्याला ठरलेला दिवस आणि ठरलेला अर्धा तास द्यावा, शक्यतो चारच्या खाऊनंतर. दिवसभर इंग्रजीत बोलले तर मुले कंटाळतात आणि आपले फ्रेंच मागे राहते.

जाण्या-येण्याच्या बाबतीत लहान गावांत विशेष लक्ष द्यावे. शाळेच्या वेळांना धरून धावणाऱ्या बसगाड्या सुट्टीत बंद असतात, रविवारी फारच कमी असतात आणि संपाच्या दिवशी मुळीच नसतात. संपाची बातमी सहसा आधी कळते. आदल्या संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत विचारून सहकाऱ्याच्या गाडीतून जाण्याची सोय करावी. मासिक पास काढत असाल तर त्याची पावती शाळेच्या कार्यालयात द्यावी. सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांना १ सप्टेंबर २०२३ पासून पासाच्या खर्चाचा ७५ टक्के भाग परत मिळतो, पण मागितल्याशिवाय तो कोणी देत नाही.

सुट्ट्यांचे बेत कुटुंबाला निदान महिनाभर आधी सांगावेत. ऑक्टोबरअखेरची आणि नाताळची सुट्टी देशभर एकाच वेळी असते. फेब्रुवारीची आणि वसंतातील सुट्टी मात्र तीन विभागांत वेगवेगळ्या तारखांना असते. ल्यों आणि बोर्दो अ विभागात, लील, नांत आणि स्त्रासबूर ब विभागात, तर पॅरिस, तुलूझ आणि मोंपेलिये क विभागात येतात. दुसऱ्या शहरातील मैत्रिणीबरोबर सहल ठरवताना आधी विभाग पाहावा. नाताळात कुटुंबाकडे नातलग येणार असतील आणि खोलीची गरज पडणार असेल तर तेही नोव्हेंबरमध्येच विचारून घ्यावे.

टप्पा ७ : पैशांचा हिशेब

हातात येणारा पगार महिन्याला सुमारे ८०० युरो असतो. भाडे, प्रवास, मोबाइल आणि शाळेच्या खानावळीतील जेवण वजा जाता जे उरते त्यातच सहली बसवायच्या असतात. भाडे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला बँकेतूनच द्यावे, म्हणजे नोंद राहते, आणि पावती मागावी. मोफत राहत असाल तर पैसे देऊ करण्यापेक्षा आठवड्याची भाजी किंवा रविवारी सकाळचा पाव व क्रोआसाँ आपण आणावेत.

टप्पा ८ : खटके उडाले तर, आणि निघताना

काही खटकले तर त्याच आठवड्यात, दोघे-तिघेच असताना, एकच मुद्दा घेऊन बोलावे. चिठ्ठी लिहून ठेवणे किंवा मुलांकरवी निरोप देणे टाळावे. दोनदा बोलूनही ठरलेल्यापेक्षा जास्त काम सांगितले जात असेल, खोलीत न विचारता कोणी येत असेल किंवा असुरक्षित वाटत असेल तर समन्वयक शिक्षकांना लगेच आणि लेखी कळवावे. "त्यांनीच घर शोधून दिले, त्यांना कसे सांगू" हा संकोच बाजूला ठेवावा. ते काम त्यांचेच आहे. तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक सगळीकडे चालतो आणि वैद्यकीय मदतीसाठी १५.

घर सोडण्याची सूचना लेखी द्यावी. सुसज्ज खोलीच्या भाडेकरारात भाडेकरूला एक महिन्याची मुदत द्यावी लागते, म्हणजे एप्रिलअखेर निघायचे असल्यास मार्चअखेरपूर्वी पत्र द्यायला हवे. येताना खोलीच्या स्थितीचा लेखी पाहणी-अहवाल केला असेल तर निघताना तोच समोर ठेवून पुन्हा पाहणी करावी आणि अनामत रक्कम कधी परत मिळणार ते लिहून घ्यावे. बँक खाते घाईने बंद करू नये; एप्रिलचा पगार, अनामत, आरोग्यविम्याचा उरलेला परतावा आणि पासाचे पैसे नंतर जमा होतात. पगाराच्या सर्व चिठ्ठ्या डाउनलोड करून घ्याव्यात, टपालपेटीवरील नावाची पट्टी आणखी काही आठवडे राहू द्यावी अशी यजमानांना विनंती करावी आणि मागे येणारी पत्रे उघडून त्यांचे फोटो पाठवायला त्यांना लेखी परवानगी देऊन निघावे.